ओलिताच्या रात्री वाचलेल्या कादंबऱ्या, कोणती धरते अन् कोणती सुटते

मी काही समीक्षक-बिमीक्षक नाही, चार एकर वावर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर अन् रब्बीत हरभरा. लाईन म्हणजे मोटरीची वीज आमच्याकडं कधी दिवसाची कधी रात्रीची, रात्रीची असली की बाराला मोटर सुरू करायची अन् पहाटलोक स्प्रिंकलरचे पाईप बदलत बसायचं, मधल्या दोन-तीन घंट्यात करणार काय, मोबाईलले रेंज नाही, म्हणून डोक्याले बॅटरी बांधून पुस्तक वाचतो. त्यामुळं माझं मोजमाप सोपं आहे, पाईप बदलायचा विसरलो म्हणजे कादंबरी चांगली.

या हिशोबानं सुहास शिरवळकरांची दुनियादारी एक नंबर, हरभऱ्याच्या एका तुकड्यात नुसता चिखल झाला होता बाप्पा. २०१३ चा पिक्चर पाहून ज्यांनी पुस्तक सोडलं त्यांनी आधी पुस्तक वाचा, १९८२ चं आहे पण आजच्या पोट्ट्यांनाही धरते. आता खरं सांगायचं तर पुण्याच्या कॉलेजच्या कट्ट्यावरची ती पोरं अन् आपलं काही देणंघेणं नाही, आमचा कट्टा म्हणजे एसटी स्टँडवरचा पानठेला, तरी वाचत गेलो. पुन्हा वाचीन का? नाही वाटत. एकदा उसाचा रस पिला की चोथा कोण चावते.

शिवाजी सावंतांची मृत्युंजय, कर्णावरची, बारावीत असताना वाचली होती, आमच्या गावात ज्यानं आयुष्यात एकच कादंबरी वाचली त्यानं हीच वाचली असते. तेव्हा रडलो होतो, लपवत नाही. मागच्या वर्षी स्वतःची प्रत पाहिजे म्हणून ऑनलाईन मागवली तर स्वस्तात चोरीची छापलेली आली, शाई फिकट अन् मधली सोळा पानं उलटी. ती बदलण्यात महिना गेला पण ते असो. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण अन् कृष्ण, प्रत्येकानं आपापल्या तोंडानं सांगायचं ही कल्पना १९६७ साली लय भारी असेल, पण सगळे बोलतात मात्र सारखेच, सगळ्यांच्या तोंडी तेच जड जड विशेषणं. कुंतीनं अन् दुर्योधनानं एकाच मास्तरकडं शिकवणी लावली होती काय असं वाटते. माह्या मित्राले हे बोललो तर चार दिवस त्यानं चहा पाजला नाही.

नारायण धारपांची लुचाई रात्री मचाणावर वाचू नका, एवढंच सांगतो. मूळ कल्पना स्टीफन किंगची आहे म्हणतात ते खरं आहे, पण धारपांनी ती असी आपल्या गावात आणून बसवली की परकी वाटत नाही. मी वाचत होतो अन् खाली तुरीत खसखस झाली, रानडुक्कर निघाला म्हणून जीव भांड्यात पडला, नाहीतर डुकराले पाहून खुश होणारा शेतकरी कोणी पाहिला का? नारळीकरांची वामन परत न आला पण वाचली, ठीक आहे, डोक्याले खुराक आहे, माणसं मात्र जरा कोरडी वाटली. अन् वाचनालयातून आणलेल्या एका रहस्यकथेची शेवटली चार पानंच कोणीतरी फाडून नेली होती, खून कोणी केला ते मले अजून माहीत नाही.

भालचंद्र नेमाड्यांची कोसला विशीत वाचली तेव्हा पन्नास पानांत फेकली, म्हटलं काहीच घडत नाही बे यात. मग मी स्वतः अमरावतीले होस्टेलवर तीन वर्षं बापाचे पैसे उडवून डिग्री न घेता वापस आलो, अन् त्याच्यानंतर त्यातला पांडुरंग सांगवीकर समजला. त्याची लहान बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तो भाग वाचून दिवसभर कोणाशी बोललो नाही. सगळ्यांनी वाचावी असं नाही म्हणत, पण पन्नास पानांवर सोडली असेल तर पाच-दहा वर्षं थांबून पुन्हा उचला.

बारोमास मात्र मी दोनदा मिटून ठेवली. सदानंद देशमुख बुलढाण्याकडचे, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पुस्तक चांगलं आहे याच्यात वादच नाही. पण शिकलेला एकनाथ, नोकरीसाठी भरायले पैसे नाहीत, वावर परवडत नाही, हे मी वावरातच बसून वाचू? बायकोनं वाचली अन् म्हणे तुम्ही सगळे एकनाथकडून बोलता, त्याच्या बायकोचं, अलकाचं, काय चुकलं ते सांगा. उत्तर नव्हतं माह्याजवळ, पाईप बदलायले गेलो.

अन् धग. उद्धव शेळकेंची, १९६० ची. ही मी वावरात नाही, घरी आईले वाचून दाखवली, तिले अक्षर येत नाही. आजवर पुस्तकातली माणसं कशी बोलतात तर पुण्यासारखी, इथं कादंबरीतली कौतिक बोलली अन् आई कापूस वेचल्यावर हातातली काडीकचरा साफ करत होती ते थांबली, म्हणे "हे तं आपल्यावानीच बोलून राह्यली". मग रोज संध्याकाळी पंधरा-वीस पानं. कौतिकच्या नवऱ्याचा, महादेवचा, आईले असा राग की काही काम न करता तो आला की "मेल्या, हालला नाही का अजून" असं पुस्तकालेच बोलायची. पुढं त्याले महारोग झाला तेव्हा मात्र चूप बसली, मग म्हणे "आता त्याले शिव्या बी देता येत नाहीत". कौतिकची शिलाई, पोरांच्या शाळेसाठीची धडपड, हे सारं शेळके काही सजवत नाहीत, रडा म्हणत नाहीत, सरळ सांगत जातात. वऱ्हाडी संवाद पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाले दहा-वीस पानं जड जातील, जाऊ द्या, आम्ही आयुष्यभर त्यांची भाषा वाचलीच नं.

माही प्रत कोणी मागू नका. आईनं ती सातबारा अन् लाईट बिलाच्या पिशवीत ठेवली आहे, अन् ती पिशवी ती कोणाच्या हाती देत नाही.