कथेचा आराखडा कुठे मांडायचा: मिरो, एक्सकॅलिड्रॉ, ऑब्सिडियन की घरची भिंत?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सेटवर चालणाऱ्या मालिकेची लेखकमंडळी आणि नौपाड्यात बसून दिवाळी अंकासाठी एकहाती दीर्घकथा लिहिणारा लेखक, दोघांनाही मोठा पांढरा फळा लागतो. पण तो एकच नव्हे. डिजिटल व्हाइटबोर्ड घेताना लोक रंग बघतात, टेम्प्लेट बघतात. बघायचं असतं ते बोर्डावरचा मजकूर पुढे हस्तलिखितात कसा उतरणार, हे. टाकायला सगळेच सोपे. काढताना खरी गंमत कळते. गूगलचा जॅमबोर्ड हा असाच डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ला बंद झाला, तेव्हा ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांना दुसरी सोय बघावी लागली.

आधी बोर्डावर नेमकं काय मांडायचं, ते बघू. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीची कथा घ्या. पहिलं कार्ड: ‘सोसायटीची सभा, बिल्डरचा प्रस्ताव’. दुसरं: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सही करत नाहीत’. तिसरं: ‘तलावपाळी, रात्र. काकूंच्या नावाने सही आपणच केली, असं भाऊ कबूल करतो’. एका कार्डात एकच प्रसंग, बारा-पंधरा शब्दांत. मग दोन कार्डांमधल्या बाणावर एक शब्द लिहायचा: ‘म्हणून’, ‘पण’ किंवा नुसतं ‘मग’. लागोपाठ तीन बाणांवर ‘मग’ आलं, तर तिथे कथा फक्त पुढे सरकतेय, काही घडत नाहीये. बाणावर शब्द लिहिण्याची सोय मिरो, एक्सकॅलिड्रॉ आणि ऑब्सिडियन कॅनव्हास (ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमधला फळा) या तिघांतही आहे. फरक त्यानंतरच्या कामात पडतो.

मिरो हा मंडळींचा ऑनलाइन फळा. फुकट योजनेत संपादन करता येतील असे ३ बोर्ड मिळतात, माणसं मात्र कितीही जोडता येतात. मराठी मालिकेत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही कामं बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी तेच दिसणं इथे मोलाचं. तीन बोर्डांची वाटणी अशी जमते: एकावर लांब पल्ल्याचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, दुसऱ्यावर चालू आठवडा, तिसऱ्यावर पात्रं. चालू आठवड्याच्या बोर्डावर एका भागाला एक चौकट आणि चौकटीत प्रसंगागणिक एक स्टिकी, म्हणजे बोर्डावरची चिकटचिठ्ठी. प्रसंगांची यादी आधी एक्सेलमध्ये तयार असेल तर तो रकाना कॉपी करून बोर्डावर चिकटवा, प्रत्येक ओळीची वेगळी स्टिकी होते. स्टिकीत मजकूर वाढला की अक्षर आपोआप बारीक होतं. याची चीड येते, पण ती सूचनाच समजा: त्या प्रसंगात दोन प्रसंग कोंबलेत.

मिरोची अडचण परतीच्या वाटेवर. स्टिकी निवडून शीटमध्ये नेता येतात, पण त्या ज्या क्रमाने उतरतात तो कथेचा क्रम असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक स्टिकीच्या सुरुवातीला आकडा घाला, तोही ०१०, ०२०, ०३० असा दहाच्या टप्प्याने. मध्ये प्रसंग घुसवायचा झाला तर ०२५ लिहिता येतं आणि शीटमध्ये क्रम लावला की सगळं जागेवर बसतं. दुसरी सवय: पक्क्या झालेल्या चौकटी लॉक करा. नाहीतर कोणीतरी फोनवर बोर्ड सरकवायला जातो आणि अख्खा मंगळवार उचलून शनिवारवर ठेवतो.

एक्सकॅलिड्रॉला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, ब्राउझर उघडला की फळा तयार. एका बैठकीत कथा फोडून बघायची असेल तर यासारखं दुसरं नाही. पण चित्र राहतं त्या ब्राउझरच्याच साठ्यात. साइटचा डेटा पुसला की गेलं. उठण्यापूर्वी फाइल सेव्ह करून गूगल ड्राइव्हवर टाकणं, याला पर्याय नाही. शिवाय त्याच्या हाताने लिहिल्यासारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून मराठी मजकूर त्या-त्या यंत्राच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये दिसतो. लॅपटॉपवर चौकटीत नीट बसलेली ओळ फोनवर बाहेर येते ती यामुळेच. चौकटीत बोटभर जागा मोकळी सोडा आणि दुसऱ्याला पाठवताना पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, पाठवा. मजकूर बाहेर काढायच्या बाबतीत हा तिघांत सर्वांत कच्चा.

एकट्याने कादंबरी लिहिणाऱ्याने ऑब्सिडियन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातला कॅनव्हास डिसेंबर २०२२मध्ये आला. सगळं तुमच्याच यंत्रावरच्या फोल्डरमध्ये राहतं, नेट नसलं तरी अडत नाही. खरी खुबी कार्डाची आहे. काकूंच्या कार्डावर राइट क्लिक करून त्याची फाइल केली की ते स्वतंत्र टिपण होतं, आणि पुढे तो प्रसंग त्याच कार्डात पूर्ण लिहिता येतो. म्हणजे आराखडा आणि मसुदा वेगळे राहतच नाहीत. प्रकाशकाला वर्ड फाइल हवी असते. तेव्हा टिपण वाचनाच्या दृश्यात उघडून तिथून कॉपी करा. लिहिण्याच्या दृश्यातून केलीत तर मांडणीसाठी वापरलेली तारका आणि हॅशची चिन्हंही सोबत येतात. दोघांनी एकाच वेळी एका कार्डात लिहायचं असेल तर मात्र हे काम त्याचं नाही. आणि फोल्डर ड्राइव्हने जुळवत असाल तर एका यंत्रावर बंद करून, जुळणी पूर्ण झाल्यावरच दुसऱ्यावर उघडा. घाई केली की एकाच फाइलच्या दोन प्रती होतात.

मिलानोट हा आणखी एक ऑनलाइन फळा. दिसायला देखणा आहे, पण फुकटात १०० कार्डं मिळतात. तीस प्रकरणं, प्रत्येकी तीन प्रसंग, इथेच ९० संपली. पात्रं अजून यायचीत. कथेला पुरेल, कादंबरीला नाही. ॲपलचं फ्रीफॉर्म घरातली सगळी यंत्रं ॲपलची असतील तरच.

आणि भिंत? ४ बाय ३ फुटांच्या बोर्डावर ३ इंची चिकटचिठ्ठ्या इंचभर अंतराने लावल्या तर १०८ बसतात, बाणांना जागा ठेवली तर पन्नास-साठ. डिस्टेंपरच्या भिंतीची भुकटी गोंदाला लागते आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तर सकाळी निम्मी पात्रं फरशीवर असतात. सॉफ्टबोर्ड आणि टाचण्या घ्या. रोज रात्री एक फोटो.

मराठीत काम करताना दोन गोष्टी कुठल्याही बोर्डावर आडव्या येतात. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर बोर्डावर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो; आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरं, कीबोर्ड मराठीवर असताना स्टिकी किंवा चौकट काढायचे एकाक्षरी शॉर्टकट अनेकदा चालत नाहीत. विंडोजवर विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून इंग्रजीवर या, चौकट काढा, परत मराठीवर जा.

लोकलमध्ये बोर्ड उघडायच्या भानगडीत पडू नये. ठाण्याहून कल्याणकडे जाताना वाटेत नेट जाऊ शकतं, आणि सहा इंची पडद्यावर चाळीस कार्डं कोणालाच वाचता येत नाहीत. प्रवासात सुचेल ते साध्या टिपणात, एका ओळीत एक प्रसंग, पुढे ०२५ किंवा ०६५ असा आकडा टाकून लिहा. घरी पोचल्यावर त्याच ओळी मिरोत चिकटवा किंवा ऑब्सिडियनमध्ये कार्डं करा.