यंदाचा घोडा कुणाचा? एक्लिप्स, कार्टिये आणि रेटिंग, पुळणीवरच्या मापाने

अलिबाग-नागावच्या पुळणीवर एका दिवसाची शर्यत कोणी मारली हे लहान पोरही सांगतं. पण दिवाळीनंतर सुरू झालेल्या हंगामाची वैशाखात बेरीज मांडून ‘यंदाची गाडी कुणाची’ असं विचारा, मांडवात लगेच दोन तट पडतात. एकाने सहा मैदानं मारलेली असतात. दुसऱ्याने तीनच, पण त्यातल्या एकात पहिल्याला मागे टाकलेलं असतं. थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या, घोड्यांच्या जगात दर डिसेंबरला हाच वाद पेटतो आणि तो मिटवायला तिथे तीन तयार पद्धती आहेत: अमेरिकेची एक्लिप्स आणि युरोपची कार्टिये हे पुरस्कार, आणि घोड्याला गुणांचा आकडा देणारं आंतरराष्ट्रीय रेटिंग. हंगामाची ढाल ठेवायच्या विचारात असलेल्या शर्यत समित्यांसाठी, आणि मांडव्याहून बोट धरून महालक्ष्मीचा रेसकोर्स गाठणाऱ्या शौकिनांसाठी, हे तिन्हींचं परीक्षण. गुण आधीच सांगून टाकतो. एक्लिप्सला पाचात अडीच, कार्टियेला साडेतीन, रेटिंगला तीन. जशीच्या तशी उचलावी अशी एकही नाही.

एक्लिप्स हे नाव १७६४ साली इंग्लंडात सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेल्या आणि अठराच्या अठरा शर्यती जिंकलेल्या घोड्याचं. पुरस्कार मात्र १९७१ पासूनचा. त्याआधी अमेरिकेत वेगवेगळ्या संस्था आपापला मानकरी जाहीर करत. १९७० साली एकीने फोर्ट मार्सीला वर्षाचा घोडा म्हटलं, दुसरीने पर्सनॅलिटीला. एका गावात दोन पालख्या निघाल्यासारखं झालं. मग रेसिंगची संघटना, ‘डेली रेसिंग फॉर्म’ हे वर्तमानपत्र आणि घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संस्था यांनी एकच मतदान घ्यायचं ठरवलं. ते आजवर चालू आहे, मतदार दोन-अडीचशेच्या घरात.

गट पाडण्यात एक्लिप्सला तोड नाही. दोन वर्षांचे, तीन वर्षांचे, त्यावरचे. नर आणि मादी. माती आणि हिरवळ. कमी पल्ल्याचे वेगळे. कमी पल्ल्याच्या घोड्यांतही २००७ पासून नर आणि मादी असे दोन पुरस्कार झाले. बैलगाडी आणि घोडागाडी यांना मिळून एकच ढाल देणाऱ्यांनी एवढं तरी इथून घ्यावं.

घोळ आहे तो मोजणीत. मतदार प्रत्येक गटात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लिहितो. त्यांना १०, ५ आणि १ असे गुण देऊन अंतिम तीन नावं काढतात. इथवर ठीक. पण त्या तिघांतला विजेता फक्त पहिल्या पसंतीच्या मतांवर ठरतो, दुसरी-तिसरी पसंती टोपलीत जाते. याने काय बिघडतं ते दहा पंचांवर बघू. चौघांची पहिली पसंती ‘अ’ गाडीला, तिघांची ‘ब’ला, तिघांची ‘क’ला. पण ‘ब’ आणि ‘क’वाल्या सहाही जणांनी ‘अ’ला तिसरं ठेवलंय. ‘अ’च्या चौघांपैकी तिघांनी ‘ब’ला दुसरं ठेवलं, एकाने ‘क’ला. एक्लिप्सच्या हिशेबाने ‘अ’ जिंकली. तेच क्रम ३-२-१ गुणांनी मोजा: ‘ब’ २२, ‘क’ २०, ‘अ’ १८. एक्लिप्सची विजेती इथे शेवटची. दहातल्या सहा पंचांना जी गाडी तिघांत सर्वांत मागची वाटली, तिच्याच गळ्यात हार पडला असता.

३-२-१ मध्येही एक खोड आहे. आपल्या गावची गाडी वर यावी म्हणून तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तिसरा टाकता येतो. त्यावर उतारा एकच, मतपत्रिका पंचाच्या नावासकट फलकावर लावणे. चावडीवर उत्तर द्यायचं आहे म्हटलं की हात सरळ चालतो.

याहून मोठा दोष प्रश्नातच आहे. ‘वर्षाचा घोडा’ म्हणजे सर्वांत वेगवान, सर्वांत जास्त जिंकलेला, की लोकांच्या मनात बसलेला, हे एक्लिप्स कुठेच सांगत नाही. २००९ साली रेचल अलेक्झांड्रा या तीन वर्षांच्या फिलीने, म्हणजे तरुण घोडीने, आठपैकी आठ शर्यती मारल्या, त्यात प्रीकनेस, हॅस्केल आणि वुडवर्ड या मोठ्या शर्यतींत तिने नरांना हरवलं. तिकडे झेन्याटाने त्याच वर्षी ब्रीडर्स कप क्लासिक ही हंगामअखेरची मोठी शर्यत जिंकली. त्याआधी कुठल्याही मादीला ते जमलं नव्हतं. दोघी एकदाही समोरासमोर आल्या नाहीत. मतं रेचलला १३०, झेन्याटाला ९९. यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं, ते सोडून देऊ.

२०१० चं मात्र सोडता येत नाही. त्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिकला झेन्याटा आणि ब्लेम समोरासमोर आले. ब्लेम डोक्याच्या फरकाने जिंकला, आणि मादीच्या सवलतीमुळे झेन्याटाच्या पाठीवर त्याच्यापेक्षा तीन पौंड कमी होते. घोडामैदान जवळ होतं, परीक्षा झालीही. तरी वर्षाचा घोडा झेन्याटाच, १२८ विरुद्ध १०२. वीसपैकी एकोणीस शर्यती जिंकलेल्या घोडीच्या कारकिर्दीला लोकांनी मत दिलं, पुरस्कार मात्र वर्षाचा होता. घोडी अलौकिक होती यात शंका नाही. तिच्यासाठी वेगळा कारकीर्द-सन्मान ठेवायला हवा होता.

२०१८ मध्ये तिसरीच तऱ्हा. जस्टिफाय फेब्रुवारी ते जून एवढंच धावला, सहापैकी सहा जिंकून ट्रिपल क्राउन (तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन ठरावीक मोठ्या शर्यतींचा मान) घेतला आणि जुलैत निवृत्त झाला. अ‍ॅक्सेलरेटने वर्षभर धावून क्लासिकसकट पाच ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या, शर्यती मारल्या. मतं १९१ विरुद्ध ५४, जस्टिफायला. निकाल चूक म्हणणार नाही. पण निदान किती शर्यती आणि कोणत्या महिन्यांत, हे नियमात लिहिलेलं नसलं की मतदार ते मनातच ठरवतो आणि प्रत्येकाचं मन निराळं. २००४ साली ऊइजा बोर्ड ही इंग्लंडची फिली अमेरिकेत एकच शर्यत धावली आणि हिरवळीच्या माद्यांचा एक्लिप्स घेऊन गेली. नियमात ते बसत होतं.

कार्टिये पुरस्कार १९९१ पासूनचे. त्यांचं गाजलेलं सूत्र असं: मोठ्या शर्यतींत मिळवलेल्या गुणांना ३० टक्के, पत्रकारांच्या मताला ३५, वाचकांच्या मताला ३५. मैदानाला काहीतरी किंमत आहे म्हणून एक गुण जास्त दिला. पहिल्याच वर्षी मानकरी ठरला अराझी, दोन वर्षांचा शिंगरू, तेव्हा जुन्या जाणत्यांच्या भुवया वर गेल्या असणारच. अमेरिकेतही १९७२ मध्ये सेक्रेटेरिएटला दोन वर्षांचा असतानाच वर्षाचा घोडा केलं होतं, पण त्याने पुढच्या वर्षी ट्रिपल क्राउन जिंकून मतदारांची लाज राखली.

हे मिश्र सूत्र वापरणाऱ्यांनी एक खड्डा ओळखून ठेवावा. कागदावर ३० टक्के लिहिलं म्हणून मैदानाचं वजन ३० टक्के राहत नाही. समजा दोन गाड्यांचे मैदानी गुण ६२ आणि ५४. पहिलीला पूर्ण ३० दिले की दुसरीला २६.१ मिळतात, फरक जेमतेम चार. आता आठ पंचांची मतं उलटी पडली, दुसरीला पाच, पहिलीला तीन. दुसरीला ३५, पहिलीला २१, फरक चौदा. हंगामभराची घोडदौड चार गुणांची आणि पंचांच्या दोन मतांची आघाडी चौदाची. तीच मतं क्रम लावून मोजली, म्हणजे पहिल्याला ३ आणि दुसऱ्याला २, तर बेरीज २१ आणि १९ येते. ३५ च्या हिशेबात ३५ आणि ३१.७. फरक साडेतीनच्या आत आला आणि मैदानाचा शब्द पुन्हा चालू लागला. राहिलं वाचकांचं मत. ते आपल्याकडे आणूच नका. मोबाइलवर मत मागवलं की मोठ्या गावची गाडी जिंकते.

रेटिंग म्हणजे हँडिकॅपरचं, घोड्यावर किती वजन लादायचं ते ठरवणाऱ्याचं, काम. जिंकण्यातलं अंतर वजनात बदलायचं: १००० मीटरला एक लांबी (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) म्हणजे साधारण तीन पौंड, १६०० ला दोन, २४०० ला दीड. एका घोड्याने ५७ किलो घेऊन १६०० मीटरला ५५ किलोवाल्याला दोन लांब्यांनी हरवलं, तर वजनाचे दोन किलो आणि लांब्यांचे सुमारे १.८ किलो मिळून ३.८ किलो, म्हणजे आठेक पौंडांनी तो सरस. मग त्या शर्यतीतला नेहमी एकसारखा धावणारा एखादा घोडा प्रमाण धरून बाकीच्यांचे आकडे त्याच्याभोवती बसवतात. आंतरराष्ट्रीय यादीत पल्ल्याचे पाच गट असतात: १३०० मीटरपर्यंत, १८९९ पर्यंत, २१०० पर्यंत, २७०० पर्यंत आणि त्यापुढे. फ्रँकेल २०१२ मध्ये १४० वर पोचला, फ्लाइटलाइन २०२२ मध्ये. फ्लाइटलाइन त्या वर्षी फक्त तीनदा धावला, त्यात पॅसिफिक क्लासिक १९ लांब्यांहून जास्त फरकाने.

रेटिंगची मर्यादाही तिथेच दिसते. यादीत येतो तो वर्षातला सर्वोत्तम एक दिवस. सातत्याला जागा नाही. शिवाय आकडा काळाबरोबर हलतो. डान्सिंग ब्रेव्हचे १९८६ चे १४१ गुण २०१३ च्या सुरुवातीला जुन्या याद्या नव्याने जुळवताना १३८ झाले, म्हणून फ्रँकेल सगळ्यांच्या वर गेला. संथ लयीत धावलेल्या शर्यतीत सगळे घोळक्याने पोचतात आणि चांगल्या घोड्याचा आकडाही खाली राहतो.

पुळणीवर तर रेटिंग जवळजवळ निरुपयोगी. ओहोटीची ओली घट्ट वाळू आणि तासाभराने सुकलेली वाळू यांवर त्याच जोडीच्या वेळा जुळत नाहीत. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेला) पट्टा रुंद मिळतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) अरुंद. सकाळची फेरी आणि दुपारची फायनल यांच्या वेळा शेजारी मांडणं म्हणजे खाडी आणि समुद्र एका मापाने मोजणं. स्टॉपवॉच फार तर त्याच फेरीतलं अंतर नोंदायला वापरा, आणि सोबत ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि धावलेल्या गाड्यांची संख्या वहीत लिहून ठेवा.

आता ‘वर्षअखेर’ या शब्दाकडे. आपल्याकडे थरोब्रेडचं वय १ जानेवारीला वाढतं, पण हंगाम त्या दिवशी तुटत नाही. तीन वर्षांच्या घोड्यांची टू थाउजंड गिनीज महालक्ष्मीला डिसेंबरात, १६०० मीटर. त्याच पिढीची डर्बी, २४०० मीटर, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, तोवर घोडे चार वर्षांचे झालेले. सेंट लेजर पुण्यात, पावसाळा सरता सरता, २८०० मीटर. डिसेंबरअखेर बेरीज केली तर एकाच वर्षात या पिढीची गिनीज आणि आधीच्या पिढीची डर्बी येते. तिन्ही शर्यती एका ओळीत हव्या असतील, तर पुण्याचा हंगाम संपल्यावर आणि मुंबईचा सुरू होण्याआधी रेघ मारावी. ऑस्ट्रेलियात असंच करतात: तिथे घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला आणि हंगामाचा शेवट ३१ जुलैला, म्हणून विंक्स या घोडीचे ‘वर्षाचा घोडा’ म्हणून मिळालेले चारही सन्मान हंगामाचे आहेत. किनाऱ्यावर पाऊसच रेघ मारतो. मृगाआधी बेरीज करा, डिसेंबरात हात लावू नका.

निकालाची घाई नडते ती औषधांच्या बाबतीत. २०२१ ची केंटकी डर्बी जिंकलेल्या मेडिना स्पिरिटच्या नमुन्यात बीटामेथासोन हे शर्यतीच्या दिवशी मनाई असलेलं औषध सापडलं, पण विजय काढून मँडलूनला दिल्याचा निर्णय झाला फेब्रुवारी २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात. २०२१ चे एक्लिप्स पुरस्कार तोवर वाटून झाले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आपल्याकडेही चाबूक वापरल्याची, बैलाला टोचल्याची किंवा काही पाजल्याची तक्रार शर्यतीनंतर कित्येक दिवसांनी येते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अटींत असले प्रकार चालत नाहीत.

म्हणून पुळणीसाठी जुळवाजुळव अशी. गाडी हंगामात निदान पाच मैदानांत उतरलेली असावी, त्यातली तीन वेगवेगळ्या गावांची. सर्वोत्तम पाच निकाल धरायचे, फायनलला पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४. मैदानात बारापेक्षा कमी गाड्या असतील तर गुण निम्मे, नाहीतर लोक लहान मैदानं शोधत फिरतात. मैदानाचं वजन ७०, पंचांच्या क्रमवार मतांचं ३०, दोन्ही वर दाखवलं तसं मोजून. बरोबरी झाली तर समोरासमोरच्या फेऱ्या बघायच्या, तिथेही बरोबरी असेल तर ढाल सहा-सहा महिने दोघांकडे. सिद्ध झालेल्या तक्रारीला त्या मैदानाचे सगळे गुण शून्य, दुसऱ्यांदा झाली तर गाडी यादीतून बाहेर.

मे महिन्याअखेर वही बंद, तक्रारींना ४५ दिवस, आणि ढाल दसऱ्याला. ढालीवर नुसतं मालकाचं नाव नको. किती मैदानं, किती गाड्यांत, किती गुण हेही कोरून घ्या. कोरणारा अक्षरामागे पैसे लावतो, तेवढे वर्गणीत आधीच धरून ठेवा.