कॅसिओ ९९१ईएक्स: फॅक्ट दाबल्यावर येणारा कंस

कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स हा कॅल्क्युलेटर बहुतेक मुलं इंजिनिअरिंगसाठी घेतात आणि त्यातल्या फॅक्टकडे, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडणाऱ्या सोयीकडे, ढुंकूनही बघत नाहीत. संख्यांची आवड असेल तर मात्र या एका सोयीसाठीही तो घ्यावा. संख्या टाकून बरोबरचं बटण, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण, की मूळ अवयव समोर. गणितज्ञ कापरेकरांची ६१७४ टाका, २×३²×७³ लगेच येतं. उत्तर ऋण किंवा दशांशात असेल तर फॅक्ट चालत नाही. संख्याही दहा अंकांपर्यंतचीच हवी.

खरी गंमत मोठ्या संख्यांत आहे. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७. गणितज्ञ फर्माला ही मूळ संख्या वाटली होती. ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. फॅक्ट दाबल्यावर ६४१×(६७००४१७) दिसतं. हा कंस नीट समजून घ्या, कारण इथेच मुलं फसतात. कंसातली संख्या संयुक्त आहे असं यंत्र म्हणत नाही, मूळ आहे असंही नाही. तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत, म्हणजे ९९७ पर्यंत भाग देऊन झाले; उरलेली संख्या १००९ च्या वर्गापेक्षा (१०१८०८१) लहान असती तर ती मूळच ठरली असती. ती मोठी आहे, म्हणून निकाल राखून ठेवलाय.

पुढचं काम आपलं. ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव १२८क+१ (क म्हणजे पूर्णांक) या रूपाचाच असतो. ६७००४१७ चं वर्गमूळ साधारण २५८८.५. ९९७ ते २५८८ मध्ये अशा मूळ संख्या दोनच: ११५३ आणि १४०९. भागून बघा, ५८११.२८… आणि ४७५५.४४…, भाग जात नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ आहे!

उलट १२३४५६७८९० टाकलं तर २×३²×५×(१३७१७४२१). कंस तसाच, पण आतली संख्या संयुक्त. इथे फर्माची रीत वापरा: वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक ३७०४, त्याच्या वर्गातून संख्या वजा केली की २१९५, पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतला की उरतात ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. ३७०५ मधून ९८ वजा केले आणि त्यात ९८ मिळवले की अवयव झाले ३६०७ आणि ३८०३. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत इतक्या झटपट सुटते. लांब असले तर दमवते.

२ चा ६४ वा घात अधिक १ वीस अंकी आहे. पडद्यावर १.८४४६७४४०७×१०¹⁹ येतं, शेवटचा १ गायब. तिथे २७४१७७ सारखा अवयव काढायला संगणकच हवा.

नागपुरात बर्डीवर कॅल्क्युलेटर घ्यायला गेलात तर डबा काउंटरवरच उघडायला सांगा आणि २ चा ३२ वा घात अधिक १ करून फॅक्ट दाबून बघा. नवं सीडब्ल्यू मॉडेल दाखवलं तर हीच सोय फॉरमॅट मेनूत ‘प्राइम फॅक्टर’ नावाने मिळेल.