तरंगत्या झाकणाची 100 लिटरची स्टील टाकी: एका मळ्याच्या वाइनला कितपत पुरते?

एकाच मळ्याच्या द्राक्षांची वाइन करायची म्हटली की भांड्याचा प्रश्न दर हंगामात नव्याने उभा राहतो. थंड हवेत एका रात्री दव गोठलं, कोवळे फुटवे करपले, की 150 किलोची अपेक्षा 90 किलोवर येते. किलोमागे साधारण 0.6 लिटर धरलं तर 90 लिटरच्या जागी 54 लिटर. बाहेरची द्राक्षं घालून टाकी भरली तर एका मळ्याची वाइन म्हणण्यात अर्थ उरत नाही. कमी वाइनवरही हवा राहू नये म्हणून झाकण हव्या त्या पातळीवर बसवता येणं हा या टाकीचा खरा गुण आहे आणि तेवढ्यासाठी ती घ्यावीशी वाटते.

झाकणाच्या कडेला खोबणीत रबरी ट्यूब असते, ती हातपंपाने फुगवायची. झाकण दोरीला टांगून, मधलं भोक उघडं ठेवून खाली सोडावं. भोकात वाइन दिसली की थांबावं, मग 0.5 ते 0.8 बार दाबापर्यंत हवा भरून भोकात एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी नळी) लावावा. त्याहून जास्त हवेने ट्यूबला फुगा येतो, सील घट्ट होत नाही. दोरी नंतरही सोडू नये.

‘बोटभर हवा राहिली तर काय बिघडतं?’ हिशेब करून बघा. आतला व्यास 46 सेंमी असेल तर 1 सेंमी पोकळी म्हणजे 1.66 लिटर हवा. तिच्यातला सगळा ऑक्सिजन 90 लिटर वाइनमध्ये उतरला तर लिटरमागे 5 मिलिग्रॅम होतो आणि तो 20 मिलिग्रॅमपर्यंत मुक्त, म्हणजे वाइन टिकवायला हाताशी असलेला, सल्फर डायऑक्साइड खाऊ शकतो. ते भरून काढायला 3 ग्रॅमहून थोडं जास्त पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फर डायऑक्साइड देणारी पूड) लागेल. हे एका वेळचं झालं. ट्यूब हळूहळू गळत असेल तर ताजी हवा येतच राहते.

ट्यूब हीच या टाकीची दुखरी नस आहे. तळघर 20 अंशांवरून 5 अंशांवर गेलं की कुठेही गळती नसताना 0.6 बारचा दाब 0.52 वर येतो. वाइनही आकसते आणि एअरलॉकमधून हवा आत ओढली जाते. म्हणून थंडीत आठवड्यातून दोनदा दाब बघणं आलंच. एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका घालावी, ती गोठत नाही.

दुसरा धोका टार्टरच्या, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराच्या, खड्यांचा. थंड हवेतल्या द्राक्षांत आम्ल भरपूर, त्यामुळे वाइन शून्याच्या आसपास दोन-तीन आठवडे ठेवली की भिंतीवर काचेच्या चुऱ्यासारखे खडे चिकटतात. अर्धवट फुगलेलं झाकण त्यांच्यावरून ओढलं तर ट्यूब कापली जाते. आधी हवा पूर्ण सोडायची, मगच झाकण हलवायचं. खडे गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने सुटतात. शेवटी सायट्रिक आम्लाचं पाणी फिरवावं. क्लोरीनच्या ब्लीचला हात लावू नये, स्टीलला खड्डे पडतात आणि वाइनला बुरशीचा वास लागायची भीती. सल्फाइटचं पाणी आत ठेवून टाकी महिनोन् महिने बंद करणाऱ्यांनाही हेच सांगणं: त्याच्या वाफेने 304 स्टील (स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा प्रकार) खाल्लं जातं. कोरडी करून उघडी ठेवा.

भिंत एकपदरी. खडे पाडायला ते चांगलं, तळघराचं दार उघडलं की वाइन गार होते. पण मॅलिक आम्ल मवाळ करणाऱ्या जिवाणूंना 18 ते 20 अंशांची ऊब लागते आणि अर्ध्या भरलेल्या टाकीत ती टिकत नाही. घोंगडी गुंडाळा किंवा हीटिंग बेल्ट लावा. रस आंबताना टाकी पाऊणच भरा, झाकण फुगवू नका, फेसाला आणि वायूला जागा हवी.

सगळ्यात वैताग तोटीचा. सपाट तळापासून 5 सेंमीवर एकच तोटी असेल तर तिच्याखाली 8 लिटर अडकतात. 90 लिटरमध्ये तो बहुतांश गाळच असतो. 54 लिटरमध्ये मात्र त्यात चांगली वाइनही असते आणि टाकी कलती करताना गाळ ढवळला जातो. तळाला वेगळी निचऱ्याची तोटी असलेलीच टाकी घ्यावी. बॉल व्हॉल्व्ह असेल तर दर धुण्याला खोलावा, गोळ्यामागच्या पोकळीत जुनी वाइन आंबट होऊन बसते.

शरदात भरून वसंतात बाटलीबंद करायच्या रीसलिंगसारख्या पांढऱ्या वाइनसाठी टाकी जरूर घ्या. वर्षभर मुरवायची लाल वाइन मात्र हिच्या भरवशावर टाकू नका, ती गळ्यापर्यंत भरलेल्या काचेच्या बुधल्यांत ठेवा. आणि टाकीबरोबरच एक जादा ट्यूब मागवा, फाटते ती नेमकी भर थंडीत.