लेकराला घेऊन जर्मनीला निघालात? गुलमंडीतल्या गृहउद्योगाचा खाऊ

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या या दुकानातलं नाचणी सत्त्व आवर्जून घ्यावं. नाचणी भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसलेला गाळ वाळवलेला असतो, त्यामुळं चोथा अजिबात नाही. एक चमचा सत्त्व आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर चकाकी येईस्तोवर हलवायचं. उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. तिकडं पोचल्यावर पहिले चार दिवस लेकरू नवं काही तोंडात घेत नाही, तेव्हा हेच कामी येतं.

मेतकूटही खमंग आहे, पण हिंग जरा जास्त. लहानग्याच्या मऊ भाताला चिमूटभर पुरे.

दूध पावडर घातलेलं सत्त्व आणि तुपातले लाडू मात्र घेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सवलत आहे ती कंपनीच्या सीलबंद बाळ-दूध पावडरीसारख्या आहाराला, तीही 2 किलोपर्यंत.

पाकिटावर नुसतं मराठी लेबल असतं, ही मोठी उणीव. घटकांची यादी इंग्रजीत चिकटवून मागा, देतात.