पोरांना घाई न लावणारा ज्युदो क्लास (पंचवटी)

पाचपैकी चार स्टार. माझी मुलगी 13 वर्षांची आहे, गेल्या पावसाळ्यापासून इथे जातेय. इथले सर पोरांना मेडलच्या मागे पळवत नाहीत, मला तर तेच सगळ्यात जास्त आवडलं. आधी गंगापूर रोडला एका क्लासला जायची, तिथे स्पर्धा जवळ आली की "दोन किलो उतरव, खालच्या गटात चान्स आहे" हे सुरू, वाढत्या वयाच्या पोरीला रात्रीचं जेवण बंद करायला सांगतात राव, काय बोलायचं.

इथे एका पप्पांनी अ‍ॅडमिशन घेतानाच विचारलं, सर नॅशनल कधीपर्यंत? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सर म्हणाले, ज्युदोत माणूस खरा तयार होतो 24-25 च्या पुढे, आत्ता नीट पडायला शिकू द्या. मला वाटलं समजूत काढतायत, पण बघितलं तर खरंच तसंय. कोसोवोची माइलिंडा केल्मेंदी 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला 21 ची होती, रिकाम्या हाताने परतली आणि रिओला 25 व्या वर्षी गोल्ड. जपानचा हिफुमी आबे, टोकियोला 23 आणि पॅरिसला 26, दोन्हीकडे गोल्ड. वजनदार गटात तर अजून उशिरापर्यंत चालतं, टेडी रिनेर पॅरिसला 35 चा होता तरी जिंकला. आता हाच रिनेर 2007 ला 18 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झालेला, आणि युक्रेनची दारिया बिलोदिद 2018 ला 48 किलोत 17 व्या वर्षीच, म्हणजे अपवाद आहेतच, पण तिलाही पुढे टोकियोत ब्राँझच मिळालं आणि नंतर ती 57 च्या गटात गेली.

तयार व्हायला एवढा वेळ का लागतो, त्याचं कारण सरांनी मॅटवरच दाखवलं. माझ्या मुलीला त्यांची कॉलर आणि बाही धरायला लावली, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, माझं वजन कुठल्या पायावर आहे? तिला सांगता येईना. मग एका मोठ्या ताईला बोलावलं, तिने धरल्या धरल्या सांगितलं. ताकद येते हो लवकर, हे हाताला कळायला वर्षं जातात.

मणिपूरच्या लिंथोई चनंबमने 2022 ला कॅडेट वर्ल्डचं गोल्ड आणल्यापासून काही आईबापांना वाटतं सोळाच्या आत झालं नाही तर संपलं. अहो कॅडेट म्हणजे 18 च्या आतली पोरं, मग 21 च्या आतले ज्युनियर, आणि सिनियरचा खरा कस त्याच्यानंतर.

शिकवणं एकदम पक्कं. सुरुवातीला नुसतं उकेमी, म्हणजे न लागता पडायचं कसं ते, हनुवटी छातीला, हात मॅटवर फाट्कन आपटायचा, पोरं कंटाळतात पण सर सोडत नाहीत. परवा घरी जिन्यावरून घसरली तर डोकं वाचलं तिचं.

एक स्टार कापला तो मॅटसाठी. मधल्या जोडांवरची टेप निघालीय, फटीत अंगठा अडकतो, दोनदा सांगून झालं. पंखेही कमी. आणि ड्रेस क्लासमधूनच घ्यायचा असेल तर एक साइज मोठा घ्या, पहिल्या धुण्यात आटतो, पावसाळ्यात तर दोन दिवस वाळत नाही त्यामुळे दुसरा जोड लागतोच. संध्याकाळच्या बॅचला पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावून चालत या.