स्वस्तातला पेन डिस्प्ले घेऊ का? कॉमिक आणि ॲनिमेशनसाठी सात-आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

ज्यांना फक्त 'घेऊ का नको' एवढंच पाहिजे त्यांना आधीच सांगतो. पेन डिस्प्ले म्हणजे ज्याच्या स्क्रीनवरच पेनाने चित्र काढता येतं तो टॅब्लेट. रोज चित्र काढायची सवय असेल तर घ्या. सवय अजून लागायचीय तर बिनस्क्रीनचा साधा टॅब्लेट (पेन पाटीवर फिरवायचं, चित्र लॅपटॉपवर दिसतं) घ्या, तो निम्म्याहून कमी पैशात येतो, आणि उरलेल्या पैशात लॅपटॉपची रॅम वाढवा. आता सविस्तर.

मी साताऱ्यात फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करतो. म्हणजे दिवसभर कोरल ड्रॉ, माऊस आणि भावी नगरसेवकांचे गॉगल. रात्री घरी आलो की मग आपलं खरं वेड, कॉमिकची पानं आणि बारक्या बारक्या ॲनिमेशन क्लिपा. आधी बिनस्क्रीनचाच टॅब्लेट होता, बरीच वर्षं चालला, पण शाईचं काम करताना हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे याचा कंटाळा आला होता. मग पावसाळ्याच्या तोंडावर हा घेतला. तेरा इंची, फुल एचडी, वीस हजारांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण या रेंजमधले सगळे उन्नीस-बीस आहेत.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ८१९२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनाच्या दाबाच्या तेवढ्या पायऱ्या. त्याच्या नादी लागू नका राव. आता बहुतेकांच्या ८१९२ किंवा त्याहून जास्तच असतात आणि त्यातल्या किती हाताला कळतात कुणास ठाऊक. बघायचं ते हे की पेन अगदी हलकं टेकवलं तर रेघ उमटते का. स्वस्त पेनांना सुरुवातीला थोडा दाब द्यावाच लागतो, त्यामुळे केसांची बट किंवा पापणी काढताना जी रेघ कुठनं सुरू झाली ते कळू नये ती ठिपक्यासारखी सुरू होते. ड्रायव्हरमधल्या (टॅब्लेट लॅपटॉपशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) प्रेशर कर्व्हचा, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ हे ठरवणाऱ्या आलेखाचा, पहिला भाग उचलून घेतला की बराच फरक पडतो, पण पूर्ण जात नाही. लहानपणी नागराजची कॉमिक्स वाचलेल्यांना माहितीय, त्याची चित्रं काढणारे प्रताप मुळीक म्हणजे आपल्या पुण्याचा माणूस, त्यांच्या पानात अंगाची वळणं नुसत्या रेघेच्या जाडबारीकपणावर उभी असतात. तसली रेघ पाहिजे असेल तर हा हलका दाबच सगळं आहे.

पेनात बॅटरी नाही, चार्जिंग नाही, हे मात्र झकास. स्क्रीनखाली तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रावरच पेनातलं सर्किट चालतं आणि आपण कुठे आहोत ते उलट कळवतं. त्याच जाळीची एक खोड पण आहे, तिरकी रेघ एकदम सावकाश ओढली की ती किंचित लाटेसारखी येते. दुकानात बघायला मिळाला तर पट्टी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हळूहळू रेघ ओढून बघाच. माझ्यात लाट आहे पण थोडी, क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर (हाताची थरथर गुळगुळीत करणारी सोय) लावला की दिसत नाही.

आता मोठी तक्रार. माझा नॉन-लॅमिनेटेड आहे, म्हणजे काच आणि खालचा पॅनल यात फट आहे, म्हणून निब (पेनाचं टोक) एका जागी आणि कर्सर त्याच्या शेजारी. मधोमध काही वाटत नाही, कडेला जाणवतं. कॅलिब्रेशन (निब आणि कर्सर जुळवून घेणं) करताना सरळ बसून करू नका, चित्र काढताना मान जिथं असते तिथंच ठेवून करा. मी स्टँडवर जरा उभा ठेवून काढतो, सपाट टेबलावर ठेवला तर तासाभरात मान आणि पाठ दोन्ही बोलायला लागतात. पण जमत असेल तर दोन-चार हजार जास्त घालून लॅमिनेटेडच घ्या, त्यात वाद नाही.

ज्यांचा टॅब्लेट लावलाय पण सगळी रेघ एकाच जाडीची येतेय त्यांनी लगेच कंपनीला शिव्या घालू नका. विंडोजमध्ये प्रेशर पोचवायचे दोन रस्ते आहेत, विनटॅब आणि विंडोज इंक. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये एक निवडलेला आणि क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये दुसरा असला की प्रेशर गायब. दोन्हीकडे एकच ठेवा, क्रिता बंद करून उघडा. आणि जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर आधी काढून टाका, दोन ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत.

क्रिताबद्दल किती बोलू. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, क्रॅक शोधत बसायची भानगड नाही. यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे असिस्टंट टूल, पडद्यावरची पट्टीच म्हणा. माझ्या कॉमिकमध्ये एक पोरगं साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीत डोकावतं असा सीन आहे. ज्यांनी विहीर बघितलीय त्यांना कळेल हे काढणं किती वैतागाचं आहे, काठ अष्टकोनी, आत कमानी, वर मोटेच्या जागा, आणि कॅमेरा तिरका वरून. अष्टकोनाच्या आठ बाजू म्हणजे समोरासमोरच्या चार जोड्या, म्हणून क्षितिजावर चार व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेघा लांब जाऊन जिथं मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) लागतात, आणि खाली बघतोय म्हणून भिंतीच्या उभ्या रेघांसाठी पाचवा, पार विहिरीच्या तळाखाली कुठंतरी. कागदावर हे करायचं तर शेजारी आणखी चार कागद चिकटवायला लागले असते. इथं पाच असिस्टंट टाकले, प्रत्येकाला वेगळा रंग दिला, स्नॅप चालू केलं, म्हणजे रेघ आपोआप त्या बिंदूकडेच जाते, आणि दगडाचे थर नुसते ओढत गेलो. तो एक पॅनल काढताना पैसे वसूल झाले असं वाटलं, खोटं नाही सांगत.

याच नादात एका रविवारी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन आलो. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, रामायणाची आख्खी चित्रमालिका काढली आणि १९१६ मध्ये छापून पण आणली. एकामागून एक प्रसंग बघत गेलं की कॉमिकवाल्या माणसाचा हात शिवशिवतो. औंधचं म्युझियम साताऱ्यातल्या किती पोरांनी बघितलंय देव जाणे, जाऊ दे, विषय वेगळा आहे.

फुगे म्हणजे स्पीच बलून, यात मराठीवाल्यांनी लक्ष द्या. दुकानात आम्ही जुन्या पद्धतीचे बिगर-युनिकोड फॉन्ट वापरतो, ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेले की अक्षरांची भाजी होते. घरच्या कामाला मी युनिकोडच धरलाय, बलू, मुक्त, कलम हे सगळे फुकट आहेत, आणि धप्प-धडाम असल्या आवाजांना मोदक, तो इतका गुबगुबीत आहे की पान एकदम हसरं होतं. मजकूर मी इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून पीएनजी करून आणतो. इंग्रजी कॉमिक बघून फुगे काढले तर आपलं मराठी त्यात मावत नाही, वर वेलांटी-रफार, खाली उकार, दोन ओळीत जागा जास्त लागते. म्हणून मी आधी अक्षरं लावतो, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं.

ॲनिमेशनला हार्डवेअरपेक्षा धीर लागतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, पण प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रांत भागतं, हाताने करणारे बहुतेक असंच करतात. तरी वीस सेकंदांच्या क्लिपला २४० चित्रं झाली. फुल एचडीचं एक चित्र मेमरीत साधारण ८ एमबी खातं, म्हणजे एकाच लेयरचे (थराचे) जवळपास २ जीबी, आणि एका लेयरवर कुणाचं भागतंय. ८ जीबी रॅमवर प्लेबॅक अडखळायला लागला, १६ केल्यावर सुरळीत. ओनियन स्किनमध्ये, म्हणजे मागचीपुढची चित्रं पुसट दाखवणाऱ्या सोयीत, मागची चित्रं लाल आणि पुढची हिरवी ठेवून काम करताना पेन डिस्प्ले आणि साधा टॅब्लेट यातला खरा फरक कळतो, इथं बिनस्क्रीनचा नको वाटतो. पुढची पायरी म्हणून ब्लेंडर या फुकटच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं ग्रीस पेन्सिल, म्हणजे त्यातलं हाताने चित्र काढायचं साधन, शिकतोय. २०२५ ला लॅटव्हिया देशाच्या ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्येच केलाय, म्हणजे सॉफ्टवेअर फुकटचं आहे म्हणून जमत नाही ही पळवाट आता बंद.

रंगाचं थोडक्यात, लॅपटॉपवर आणि यावर कातडीचा रंग सारखा दिसत नाही, यावर लालसर. छापायचं असेल तर आधी एक छोटा प्रिंट काढून बघा, स्क्रीनवरच्या रंगावर जाऊ नका.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते. लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्प्ले ठप्प, काम दिसतंय पण हातात नाही, लय चिडचिड होते. माझ्या मॉडेलला ५ व्होल्ट २ ॲम्पियर पुरतं, म्हणून तो साध्या पॉवर बँकवर चालतो हे नंतर कळलं. काही मॉडेलना वेगळा अडॅप्टर लागतो, त्यांना हे जमणार नाही, घ्यायच्या आधी बघून घ्या. सर्व्हिसचं काय विचारू नका. पेनाचं बटण गेलं तर कुरिअरने परराज्यात पाठवा म्हणाले, परत यायला महिना उलटून गेला, तोवर जुना टॅब्लेट होता म्हणून वाचलो. जुना असेल तर विकू नका.

वरची मॅट फिल्म खरबरीत आहे, कागदासारखा हात लागतो पण निब भराभर झिजते, आणि एका बाजूने चपटी झालेली निब फिल्मवर ओरखडे काढते. मधेमधे काढून फिरवून लावत जा. खोक्यातल्या संपल्या की ऑनलाईन मिळतात, फक्त मागवताना पेनाचा मॉडेल नंबर बघा, टॅब्लेटचा नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन पेनांच्या निबची जाडी वेगवेगळी असते आणि उघडलेलं पाकीट कोणी परत घेत नाही.